सहाव्या होलवरचे सात

"दर्शना, गौतम खंय आसा गो?"

फोनवर कॅडीमास्टर तात्या होते. एरवी ऑफिसात फोन केला की आधी 'चाय घेतलास?' विचारणारा माणूस. आज त्यांना धाप लागली होती.

"मैदानावर असेल. का हो, तात्या?"

"दगडू गावलो. दर्याच्या भिंतीच्या पलीकडे, खाली खडकात. डोकं फुटलंय. मच्छीमार नगरच्या होडीवाल्यांनी बघितलं म्हणून, नायतर भरतीनं नेलाच असता. जिवंत आसा. पण गौतम खंय आसा, ता सांग आधी."

दर्शनाच्या हातातला फोन तसाच राहिला. दगडू सापडला, आणि पहिली चौकशी तिच्या नवऱ्याची. का, ते तिला विचारावं लागलं नाही. काल संध्याकाळी माळीकामाच्या शेडपाशी दगडूनं गौतमची कॉलर धरली होती, ते सगळ्या क्लबानं बघितलं होतं.

दर्याकाठ क्लब म्हणजे समुद्राला चिकटलेलं नऊ होलचं छोटं गोल्फचं मैदान. गौतम तिथं माळी; गवतावर औषध मारायचा. दगडू मच्छीमार नगरचा. पहाटे जाळं, नंतर कॅडीचं काम. साहेबांच्या बॅगा उचलायच्या आणि त्यांचे हरवलेले बॉल हुडकायचे. काल तो ओरडला होता, "तुझ्या टाकीचं पाणी खाडीत सोडतोस ना? आमच्या जाळ्यात मेलेली मासळी येते रे भाड्या!" गौतमनं कॉलर सोडवून घेतली, पण तोंडातून अक्षर काढलं नाही. रात्री चिंचपोकळीच्या घरी दर्शनानं विचारलं, तर म्हणाला, "काही नाही. तू झोप."

आणि आज सकाळी तो ऑफिसच्या खिडकीवरून गेला तेव्हा त्याची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती.

हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हती.

समोर स्क्रीन चालूच होता. रविवारच्या स्पर्धेची कार्डं, कुणाला कुठल्या होलवर किती फटके लागले त्याची, कॉम्प्युटरवर चढवायची, हे तिचं काम. हँडिकॅप म्हणजे खेळाडू किती कच्चा, त्याचा आकडा; कच्च्याला तेवढे फटके माफ, मग तो पक्क्याशी बरोबरीनं खेळू शकतो. त्यात एक खोच असते. एखाद्या होलवर माणूस अगदीच वाहवत गेला, तर हँडिकॅपसाठी तिथले सगळे फटके धरत नाहीत. मर्यादा असते, तिच्यावरचे कापायचे. स्पर्धेचा निकाल मात्र खऱ्या फटक्यांवर. म्हणून खरं कार्ड कमिटीच्या कुलूपबंद पेटीत जायचं आणि कापलेले आकडे कॉम्प्युटरवर. फोन आला तेव्हा तिनं जगदीश प्रभूंचं कार्ड नुकतंच संपवून पेटीच्या फटीतून आत टाकलं होतं. बिचाऱ्या म्हाताऱ्याच्या कार्डाला आज दोन ठिकाणी कात्री लागली होती.

"कुणाचं चाललंय?"

ती दचकली. मॅनेजर प्रफुल्ल कामत खुर्चीच्या मागे उभे होते. कधी आत आले, कळलंच नाही. हॉटेलच्या धंद्यातून गेल्या वर्षी क्लबात आलेला माणूस. इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा वास, आणि आवाज कधी चढत नसे. त्याचीच जास्त भीती वाटायची.

"प्रभू साहेबांचं, सर. झालं."

"दगडू त्यांचाच कॅडी होता ना आज?" ते तिच्या खांद्यावरून स्क्रीनकडे वाकले. जरा जास्तच वेळ वाकले. "पोलीस येतायत. उद्या तपासणीला माणसं यायची आहेत आणि आजच हे झेंगट. कोण कुठं होतं, सगळं नीट सांगता आलं पाहिजे आपल्याला."

"हो, सर."

"गौतमचं वाईट वाटतं." ते दारापाशी थांबले. "तुमची नोकरी मी टिकवीन. पण जेवढं विचारतील तेवढंच बोला. लहान मुलगी आहे पदरात. आज रविवार, म्हणजे आजीकडे असेल ना प्रिती?"

ते गेले. दर्शना बसून राहिली. प्रितीचं नाव तिनं क्लबात कधी कुणाला सांगितलं नव्हतं. गौतमनं सांगितलं असेल. असेलच. तरी तिनं घरी फोन लावला.

"आई, प्रिती कुठंय?"

"गॅलरीत भातुकली मांडलीय," सुंदराबाई, तिच्या सासूबाई, म्हणाल्या. "का गं?"

"आत घ्या तिला. आणि दार लावून घ्या."

"दिवसाढवळ्या चाळीत दार लावून बसू? लोक काय म्हणतील, भांडण झालंय का काय घरात? तुझा आवाज असा का येतोय?"

"लावा हो, आई. तुम्हाला माझी शपथ."

*

सब-इन्स्पेक्टर अनुजा शिर्के दर्शनाच्याच वयाची असेल. तिनं दर्शनाला समोर बसवलं आणि दाराकडे पाठ करायला लावली. खिडकीबाहेर जीप होती. जीपमध्ये गौतम होता. तो शेडच्या मागे सापडला होता, गोण्या रचून ठेवत, ओल्या पँटीनं.

"काल दगडूशी भांडण झालं तुमच्या मिस्टरांचं?"

"तो भांडला. हा गप्प होता."

"का गप्प होते?"

"माहीत नाही."

"घरी विचारलं नाहीत?"

"विचारलं. म्हणाला, काही नाही."

"पँट ओली कशानं झाली, ते तरी सांगितलं?"

दर्शनानं मान हलवली. शिर्केनं डायरीचं पान उलटलं.

"दर्शनाताई, मी उगाच कुणाला उचलत नाही. जगदीश प्रभूंचा एक बॉल भिंतीवर आपटून खाली गेला. दगडू तो बघायला मागे थांबला आणि ही मंडळी पुढे गेली. तिथून पुढे दगडूला कुणी बघितलं नाही. फक्त एका माणसानं बघितलं."

"कुणी?"

"तुमच्या मॅनेजरनी. सहाव्या ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीच्या, मागे बदामाखाली बाक आहे ना, तिथं बसले होते. तिथून ग्रीन दिसते, भिंतही दिसते. म्हणाले, खेळ संपला, मंडळी गेली, दगडू भिंतीकडे वळला आणि त्याच्या मागोमाग गौतम गेला."

दर्शना खुर्चीत पुढे सरकली. "बरोबरच्या लोकांनी पाहिलं का सरांना बाकावर?"

"लक्ष नव्हतं म्हणाले. उन्हाची तिरीप होती डोळ्यांवर. प्रभू तर दगडूसोबत ॲम्ब्युलन्समध्ये गेले. म्हणून मी मॅनेजरना खोदून विचारलं. खरंच होतात, तर काय बघितलंत? ते म्हणाले, प्रभूंना त्या होलवर सात फटके लागले. सातवा आत गेला तेव्हा म्हाताऱ्यानं दोन्ही हात वर केले. आता बघा, हवेत बाण मारणारा माणूस असं मोजून सांगत नाही." शिर्केनं स्क्रीनकडे बोट केलं. "तुमच्याकडे काय आहे? प्रभू, सहावा होल."

दर्शनानं वाचलं. "सात."

"नक्की?"

"सातच आहेत."

शिर्केनं डायरी मिटली. दारात उभा असलेला हवालदार बाहेर गेला आणि जीपमध्ये वाकून त्यानं गौतमला काहीतरी सांगितलं. गौतमनं मान वळवून काचेतून ऑफिसकडे बघितलं. ती नजर दर्शनाला झेपली नाही.

तिच्याच तोंडून निघालेल्या आकड्यानं दार बंद झालं होतं. आणि त्याहून वाईट एक गोष्ट होती, ती तिनं स्वतःशीही नीट उच्चारली नव्हती. ओली पँट. रात्रीचं ते 'काही नाही'. गप्प माणूस कधीतरी फुटतो म्हणतात. असा फुटला असेल का?

*

जीप निघायच्या आधीच बकुळा आली. दगडूची बायको. कमरेला खोचलेला पदर, डोळे लाल.

"कुठं हाय ती? माळ्याची बायको?" ती थेट ऑफिसात शिरली. "डागदर म्हन्तात, सांज काढली तर जगंल. तुझ्या घरवाल्याला काय कमी पडलं होतं गो? मासं मेलं ते मेलं, आता मानसं मारायला लागलात?"

"बकुळाताई, गौतमनं नाही..."

"तू बघितलंस?"

दर्शना नव्हतीच तिथं. बकुळा थुंकल्यासारखी वळली, आणि दारात प्रभू आडवे आले. पांढरे केस विस्कटलेले, शर्टावर दगडूचं रक्त.

"तिला नको बोलू, बाई. मला बोल." ते खुर्चीत कोसळले. "मुलानं पाठवलेले नवे बॉल होते. पहिला पाण्यात गेला तो गेला. दुसरा भिंतीवर आपटला, तर दगडू म्हणाला, 'साहेब, खडकात अडकला असंल, आणतो.' मी म्हणायला पाहिजे होतं की राहू दे. पण माझं डोकं ठिकाणावर होतं कुठं? त्यानंतर वाळूत अडकलो आणि नुसता उकरत बसलो. ह्या सहाव्यानं तीस वर्षं छळलंय, पण असं कधी नाही."

बकुळा भिंतीला टेकून रडायला लागली.

दर्शनानं प्रभूंकडे बघितलं. मग स्क्रीनकडे. मग पुन्हा प्रभूंकडे.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "ग्रीनच्या मागच्या बाकावर कुणी होतं का हो?"

"बाकाकडे माझी पाठ होती. का?"

बोलावं की बोलू नये? दोघांची नोकरी ह्याच फाटकाच्या आत. 'आजीकडे असेल ना प्रिती?' तो मऊ आवाज कानात होता. गप्प राहिलं तर निदान तिचा पगार राहील. मग प्रिती मोठी होईल आणि विचारेल, बाबा कुठं आहेत.

इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला, तशी ती उठून अनवाणीच धावली.

"मॅडम! थांबा! मी सांगितलेलं चुकीचं होतं!"

*

चहाच्या हॉलमध्ये बक्षिसांच्या टेबलावर अजून चादर टाकलेली होती. शिर्के एका बाजूला उभी. प्रभू खुर्चीत, बकुळा दारात, तात्या तिच्या मागे. गौतमला हवालदारानं दंडाला धरून आणलं होतं. प्रफुल्ल कामत सगळ्यात शेवटी आले, घड्याळाकडे बघत.

"मॅडम, माझा जबाब झालाय ना?"

"झालाय. ह्यांना एकदोन गोष्टी विचारायच्या आहेत."

"दर्शनाला?" ते हसले. "बाई, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. घरी जा. मुलीजवळ बसा."

दर्शनानं टेबलाची कड धरली.

"सर, तुम्ही बाकावर बसून प्रभू साहेबांचा पूर्ण होल बघितलात?"

"पूर्ण."

"फटके मोजलेत?"

"सात. सातव्याला आत गेला आणि प्रभूंनी हात वर केले. किती वेळा सांगू?"

"पहिला कुठं गेला?"

कामतांनी मनगटावरचं घड्याळ सरकवलं. "सरळ. मैदानावर."

"सरळ?" प्रभू खुर्चीतून अर्धे उठले. "सरळ अरबी समुद्रात गेला, कामत! दुसराही तिकडेच!"

"साहेब, सातवा फटका मारताना तुम्ही कुठं होतात?" दर्शनानं विचारलं.

"वाळूत. कमरेएवढा. बॉल होलमध्ये गेला तो दहाव्याला. आणि हात कसले वर करतोय? लाजेनं मान वर होत नव्हती माझी."

शिर्केनं कामतांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, नुसतं चिकटवल्यासारखं.

"मोजण्यात चूक झाली असेल. मी काही गोल्फ खेळत नाही."

"हो ना, सर. खेळत असता तर वाचला असता," दर्शना म्हणाली. आता थांबता येत नव्हतं. "मॅडम, तुम्ही विचारलंत तेव्हा मी स्क्रीनवरचं वाचून दाखवलं. घाबरले होते, डोकं चाललं नाही. प्रभू साहेबांच्या कार्डावर सहाव्याला दहाच होते. तो चार फटक्यांचा होल आहे. त्यावर दोनची सूट सगळ्यांना, आणि साहेबांच्या हँडिकॅपप्रमाणे त्या होलवर आणखी एक. झाले सात. त्यावरचं हँडिकॅपसाठी धरत नाहीत. म्हणून दहाचे सात मी केले. ह्या हातांनी."

"म्हणजे सात हे..."

"मैदानावर सात झालेच नाहीत, मॅडम. ते कुणाला दिसणार कसे? दहा दिसले असते. मोजणारा चुकला असता तर नऊ म्हणाला असता, अकरा म्हणाला असता. पण सात हा आकडा फक्त एकाच जागी होता. माझ्या स्क्रीनवर. आणि दगडू सापडल्यावर, तुम्ही यायच्या आधी, सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून तोच स्क्रीन बघत होते."

तात्यांच्या तोंडून एक कोकणी शिवी निसटली.

"नॉनसेन्स," कामत म्हणाले. "नवऱ्याला सोडवायला काहीही रचते आहे ही बाई."

"पेटी उघडा," शिर्केनं फर्मावलं. प्रभू कमिटीवरच होते. त्यांनी खिशातून किल्ली काढली. कार्ड निघालं. सहाव्याच्या रकान्यात दहा होते आणि खाली बरोबरच्या खेळाडूची सही.

"बाकावर नव्हतात, तर कुठं होतात?" शिर्केचा सूर बदलला होता. "आणि नसताना होतो म्हणायची गरज का पडली?"

गौतमनं मान वर केली.

"मी सांगू का, मॅडम?"

दर्शनानं त्याच्याकडे बघितलं. आता काय निघणार होतं ह्याच्या तोंडून?

"शेडमध्ये जुनी पिंपं होती. बंदी आलेलं औषध. तपासणी यायची म्हणून सर म्हणाले, थोडं थोडं टाकीत घालून भिंतीखालच्या पाइपानं खाडीत सोड. तीन महिने मी सोडत होतो." त्यानं बकुळाकडे बघितलं नाही. "काल दगडू बोलला आणि मला ते सहन झालं नाही. सरांना सांगितलं, आता माझ्याच्यानं होणार नाही. आज सकाळी पाण्यात उतरून पाइपाच्या तोंडाला गोण्या कोंबल्या. नंतर शेडवर येऊन बघतो, तर उरलेली पिंपं आणि हातगाडी गायब."

"हे जीपमध्ये का नाही बोललास?"

"ओतणारा मीच होतो, मॅडम. माझं कोण ऐकणार?"

"तपासणी उद्या," शिर्के कामतांकडे वळत म्हणाली. "माळी नाही म्हणाला. म्हणजे शेवटची पिंपं स्वतःच न्यायची. स्पर्धेच्या गडबडीत भिंतीकडे कोण फिरकतंय? पण प्रभूंचा बॉल तिकडे गेला आणि बॉलच्या मागे दगडू. त्यानं तुम्हाला पिंप उपडं करताना पकडलं. बरोबर? काय केलंत त्याला?"

"मी काही केलं नाही."

"त्यानं काही केलं असेल. ओरडला? फोटो काढला? त्याचा फोन मिळालेला नाही. फोन कुठंय?"

"समुद्रात," कामत म्हणाले.

आणि मग त्यांना कळलं, आपण काय बोललो.

त्यांनी घाम पुसला. आता तो आवाज मऊ राहिला नव्हता. "फोटो काढत होता तो. मी फक्त फोन ओढला. त्यानं सोडला नाही, मग एकदम सोडला आणि मागच्या मागे गेला. मी ढकललं नाही. आईशप्पथ ढकललं नाही."

"खाली बघितलंत?"

"हो."

"हलत होता?"

उत्तर बकुळानं दिलं. ती दोन पावलं पुढे आली, आणि सगळ्यांना वाटलं आता मारते. पण ती नुसती बघत राहिली.

"भरती येनार होती," ती म्हणाली. "तू भरतीची वाट बघत बसलास. चाय पीत."

*

जीप गेली ती कामतांना घेऊन, आणि बकुळा परत हॉस्पिटलात. गौतमला उद्या ठाण्यावर जबाबासाठी बोलावलं होतं; पिंपांचा हिशेब त्यालाही चुकणार नव्हता. दोघं फाटकाबाहेर उभे राहिले. सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येत होता.

"हवालदारानं सांगितलं मला," गौतम म्हणाला. "तुझ्या बायकोनंच सात सांगितले म्हणून."

"समोर होतं ते वाचलं."

"तेवढंच?"

'हो' म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. दर्शनानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"नाही. सकाळी तुझी पँट बघितली होती. मला वाटलं, तूच असशील."

रस्त्यावरून दोन बाया टोपल्या घेऊन गेल्या.

"आणि आता?"

"आता तू नाहीस, ते कळलं. तरी भीती जात नाहीये. तीन महिने शेजारी झोपत होतास, गौतम. अजून काय काय आहे, मला कसं कळणार?"

त्यानं मान हलवली. रागावला नाही, हात धरायलाही आला नाही. खिशातून रुमाल काढून त्यानं उगाच तळवे पुसले.

"हॉस्पिटलात चल," तो म्हणाला. "हॉलमध्ये बकुळाताईकडे बघायची हिंमत झाली नाही. तोंडावर सांगायला पाहिजे."

"ती मारेल तुला."

"मारू दे. तू नुसती बाजूला उभी राहा. जे बोलेन ते सगळं ऐक."

दर्शनानं पायाशी टाकलेल्या चपला घातल्या, आणि ती त्याच्या जोडीनं नाही, एक पाऊल मागून, चालू लागली.